‘अंधत्वावर मात’ छापाची बातमी: नेमकं काय बदलायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही तालुक्याच्या ठिकाणाहून एका दैनिकासाठी बातम्या पाठवता. दहावीच्या निकालादिवशी एका अंध मुलीची बातमी दिलीत, मथळा होता ‘अंधत्वावर मात करत मिळवले ८८ टक्के’. दुसऱ्या दिवशी एका दिव्यांग वाचकाचा मेसेज आला, की असल्या बातम्या आम्हाला अपमानास्पद वाटतात. तुमचा हेतू चांगला होता, घरच्यांनाही बातमी आवडली. मग चुकलं काय, अशा बातम्या द्यायच्याच नाहीत का, आणि यात कायद्याची काही अडचण येते का?

द्यायच्या, जरूर द्यायच्या. पण ‘अंध’ लिहायचं, ‘दृष्टिबाधित’ लिहायचं की ‘दिव्यांग’, एवढ्यावरच ही चर्चा बहुतेक वेळा अडकते आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. शब्दाचं उत्तर सोपं आहे: सरकारी योजना, कायदा, प्रमाणपत्र यांच्या संदर्भात ‘दिव्यांग’, आणि त्या व्यक्तीबद्दल लिहिताना तिला स्वतःला जो शब्द चालतो तो. विचारायला दहा सेकंद लागतात. खरा प्रश्न वेगळा आहे. बातमी वाचून संपल्यावर अडचण कुठे होती असं वाचकाला वाटतं? तुमच्या बातमीत ती मुलीच्या डोळ्यांत होती. ती तिथेच असेल, तर शाळा, परीक्षा मंडळ, एसटी, पंचायत समिती यांपैकी कुणालाच काही विचारायचं उरत नाही. मुलगी जिद्दी, आईवडील कष्टाळू, शिक्षक प्रेमळ. बातमी संपली. पुढच्या वर्षी त्याच शाळेत दुसरी अंध मुलगी दहावीला बसेल, तिला त्याच अडचणी येतील आणि तिला ६० टक्के मिळाले तर ती बातमीत येणार नाही. उलट घरातलेच म्हणतील, ‘तिला जमलं, तुला का नाही?’

ऑस्ट्रेलियातल्या स्टेला यंग या पत्रकार आणि विनोदी कलाकार. स्वतः व्हीलचेअर वापरत. २०१२ मध्ये त्यांनी अशा मजकुराला ‘इन्स्पिरेशन पॉर्न’ असं झोंबणारं नाव दिलं. दिव्यांग माणसाचं साधं रोजचं जगणं इतरांना स्फुरण चढवायला वापरायचं, याला त्यांचा आक्षेप होता. मी तो शब्द न्यूजरूममध्ये वापरत नाही, कारण लोक लगेच बचावात जातात. पण कसोटी म्हणून उपयोगी आहे: ही बातमी कुणासाठी आहे? त्या मुलीसारख्या दुसऱ्या मुलीला तिच्यातून काही कळतं का, की फक्त डोळस वाचकाचे डोळे पाणावतात?

आता कामाचं. मुलाखतीला जाल तेव्हा ‘कशी मात केलीस?’ हा प्रश्न वहीतून काढून टाका. त्याला एकच उत्तर येतं, ‘आईवडिलांच्या पाठिंब्यामुळे’. त्याऐवजी वर्षाचा हिशेब विचारा. पाठ्यपुस्तकं ब्रेलमध्ये मिळाली की ऑडिओ स्वरूपात, आणि कोणत्या महिन्यात? मिळालीच नसतील, तर कोण वाचून दाखवायचं? पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर, म्हणजे मोबाइलवर टॉकबॅक, संगणकावर एनव्हीडीए, वापरते का? (एनव्हीडीए मोफत आहे. हे बातमीत आलं, तर दुसऱ्या कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.) भूमितीच्या आकृत्या कशा शिकली? मंडळाच्या सवलतींत काही विषयांना पर्याय असतात, तिने घेतला का आणि तो स्वतः निवडला की शाळेने सांगितलं म्हणून? शाळेत जायची कशी? दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) किती फेऱ्यांनंतर मिळालं? या प्रत्येक उत्तरात एखादी तारीख, एखादं कार्यालय किंवा जबाबदार माणूस सापडतो. बातमी तिथून सुरू होते.

लेखनिकाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण निकालाच्या बातम्यांत सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ‘लेखनिकाच्या मदतीने ८८ टक्के’ असं लिहिलं, की वाचकाला वाटतं निम्मं श्रेय लेखनिकाचं. लेखनिक फक्त सांगितलेलं उतरवतो. दहावीला तो खालच्या इयत्तेतला असतो, म्हणजे उत्तरं त्याच्याकडून येण्याचा प्रश्न नाही. उलट त्रास परीक्षार्थीला असतो. समोरच्याला शब्द माहीत नसला, तर शुद्धलेखन सांगत बसावं लागतं, गणिताची पायरी तोंडी सांगताना कंस कुठे उघडला आणि कुठे मिटला हे लक्षात ठेवावं लागतं, आणि लिहिलेलं स्वतः वाचून तपासता येत नाही. म्हणून तर जादा वेळ असतो. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. ही सवलत ‘मेहेरबानी’ नाही, हे एका वाक्यात सांगता येतं आणि सांगावं. विचारायचा प्रश्न असा: लेखनिक कधी ठरला, त्याच्यासोबत सराव किती झाला, ऐनवेळी बदलला का? परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत लेखनिक शोधत फिरणारे पालक तुम्हाला प्रत्येक तालुक्यात भेटतील. ती स्वतंत्र बातमी आहे आणि ती फेब्रुवारीत यायला हवी, निकालादिवशी नाही.

नमुना म्हणून सुरुवात कशी बदलते ते पाहा. नेहमीची सुरुवात अशी असते: ‘जन्मतःच नियतीने दृष्टी हिरावून घेतली, मात्र खचून न जाता जिद्दीच्या जोरावर तिने यशाला गवसणी घातली.’ यात एकही माहिती नाही. मुलीचं नाव बदललं, तर कुठल्याही गावाला लागू. आता अशी: ‘विज्ञानाचं पुस्तक ऑडिओ स्वरूपात हाती आलं तेव्हा सहामाही परीक्षा झाली होती. तोवरचे धडे तिने वर्गमैत्रिणीकडून मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतले. दहावीला तिला विज्ञानात सर्वाधिक गुण आहेत.’ (तपशील अर्थातच काल्पनिक, तुमचे तुम्ही भरा.) यात कौतुक कमी झालेलं नाही. तिने नेमकं काय केलं हे कळतं, मैत्रिणीचा वाटा कळतो आणि पुस्तक उशिरा आलं हेही कळतं. एक सावधगिरी मात्र ठेवा: तिसऱ्या वाक्याआधी ‘तरीही’ घालायचा मोह होईल. तो घातला, की पुन्हा जुन्या साच्यात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, तिथे मी ठाम नियम सांगणार नाही. काही दिव्यांग व्यक्तींना ‘मी मात केली’ असंच म्हणायचं असतं. अवतरणचिन्हांत त्यांचं म्हणणं जसंच्या तसं द्या, तुमच्या मथळ्यात ते ओढून आणू नका. काही कुटुंबांना बातमीतून पैशांची मदत हवी असते आणि आपण तत्त्वासाठी त्यांचं नुकसान करायचं हे मला पटत नाही. अशा वेळी आवाहन छापा, पण हवं काय ते नेमकं लिहा: कोणतं उपकरण, किंमत किती, सरकारी योजनेत अर्ज केला का, तो कुठे अडला. ‘मदतीचा हात हवा’ एवढंच लिहिलं, तर ओळखीतल्या दोघांचे पैसे येतात आणि अडलेला अर्ज अडलेलाच राहतो.

मुलगी अल्पवयीन आहे, तेव्हा पालकांची संमती लागेलच. पण तिचीही विचारा, आणि बोलताना तोंड तिच्याकडे करा. ‘हिला रंग कळतात का हो?’ असं शेजारी बसलेल्या आईला विचारणारे वार्ताहर आजही आहेत. कर्णबधिर व्यक्तीची मुलाखत सांकेतिक भाषेच्या दुभाष्यामार्फत असेल, तरी नजर त्या व्यक्तीकडे हवी, दुभाष्याकडे नाही. आणि दुभाषी म्हणून घरातलाच माणूस असेल, तर एक-दोन प्रश्न थेट लिहून विचारा. घरचे लोक उत्तरं ‘सुधारून’ सांगतात.

फोटो. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतात. उभं राहून फोटो काढला, की तो माणूस आपोआप लहान आणि केविलवाणा दिसतो. गुडघ्यावर बसा. कृत्रिम पायाचा किंवा पांढऱ्या काठीचा जवळून घेतलेला फोटो मुख्य म्हणून लावू नका, चेहरा आणि काम दिसू द्या. व्हीलचेअर, काठी, कुबडी यांना न विचारता हात लावू नका, ‘फ्रेममध्ये येतंय’ म्हणून बाजूला तर मुळीच सरकवू नका. पेढा भरवतानाचा फोटो हवाच असेल, तर घ्या, सगळ्याच मुलांचा घेता ना. व्हिडिओ करणार असाल तर मागे करुण बासरी नको आणि खाली अक्षरांत संवाद हवा.

आणि तुमची बातमी त्या मुलीला वाचता येते का, हेही बघा. ई-पेपरचं पान चित्र म्हणून टाकलेलं असतं, तिचा फोन ते वाचू शकत नाही. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधली पीडीएफ असेल, तर स्क्रीन रीडर अगम्य काहीतरी वाचतो. युनिकोडमधला मजकूर संकेतस्थळावर टाकायला सांगा, नाहीतर निदान व्हॉट्सॲपवर तिला पाठवा. बातमीतली चूक मग ती स्वतः सांगू शकेल.

खेळाच्या पानावर हाच दोष अधिक ठळक दिसतो. मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्ण. पॅरालिम्पिकमधलं भारताचं हे पहिलं सुवर्णपदक. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. पॅरिसच्या २०२४ च्या स्पर्धेत भारताने २९ पदकं जिंकली, त्यात सांगली जिल्ह्यातल्याच सचिन खिलारी यांचं गोळाफेकीतलं रौप्य होतं. त्यांच्या बातमीचं पहिलं वाक्य १६.३२ मीटर या फेकीने सुरू व्हायला हवं, दुसरं एफ-४६ या गटाने. हाताच्या मनगटात, कोपरात किंवा खांद्यात कमतरता असलेल्यांचा हा गट. हाताला इजा कशी झाली हे पाचव्या परिच्छेदात आलं तरी चालतं. गट समजावून सांगितला नाही, तर वाचकाला स्पर्धा किती चुरशीची होती हे कळत नाही आणि तो ‘बिचारे खेळले तरी’ म्हणून पुढे जातो. अंतर, वेळ, आधीचा विक्रम, प्रतिस्पर्धी: क्रिकेटपटूबद्दल जे लिहिता तेच.

कौतुकाच्या बातम्यांची दुसरी बाजू म्हणजे संशयाच्या बातम्या. त्यांतून होणारं नुकसान मला जास्त वाटतं. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राचं प्रकरण गाजलं. त्याची चौकशी, पाठपुरावा हे माध्यमांचं कामच होतं. पण ‘चालताना दिसतात, गाडी चालवताना दिसतात, मग दिव्यांग कसे?’ असा सूर लागला आणि समाजमाध्यमांवर इतर दिव्यांग अधिकाऱ्यांचे व्हिडिओ तपासायला लोक बसले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात होते. नव्या यादीत हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, मल्टिपल स्क्लेरोसिस, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता हे सगळं आहे. यातलं बरंचसं फोटोत दिसत नाही. कमी दृष्टीचा माणूस मोबाइल डोळ्यांजवळ धरून वाचू शकतो, तो ढोंगी ठरत नाही. नोकरीतल्या आरक्षणासाठी निकष किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा आहे, पूर्ण दिव्यांगत्वाचा नाही. बोगस प्रमाणपत्राची बातमी करताना एवढी दोन वाक्यं चौकटीत टाकली तरी पुष्कळ. आणि बातमीचा रोख प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेवर ठेवा. सही कुणाची, तपासणी कधी झाली, वैद्यकीय मंडळावर कोण होतं. शेजारच्याच्या चालण्यावर नको.

गुन्ह्याच्या बातम्यांबद्दल थोडक्यात. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये ‘वेडसर इसम’ असतं, ते तसंच उचललं जातं. निदान कुणी केलं, कधी केलं, घटनेशी त्याचा संबंध कोण सांगतंय, याची उत्तरं नसतील तर तो शब्द काढा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार मानसोपचार केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, हे रुग्णालयातले कर्मचारीही अनेकदा विसरतात. आपण आठवण करून द्यावी, फायदा उठवू नये.

मथळ्यांतल्या ‘आंधळा कारभार’, ‘बहिरं प्रशासन’, ‘पांगळी आरोग्यसेवा’ यांबद्दल मला म्हणींची पोलिसगिरी करायची नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यात म्हण आली, तर ती तशीच छापा. पण मथळ्यात हे शब्द आले, की नेमकं काय घडलं ते लपतं. ‘बहिरं प्रशासन’ काढून ‘चार अर्ज, एकाचीही पोच नाही’ लिहा. मथळा आपोआप धारदार होतो. माझा आक्षेप असंवेदनशीलतेइतकाच आळशीपणाला आहे.

कायद्याचं विचारलंत, म्हणून सांगतो. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका हिंदी चित्रपटाविरुद्धच्या याचिकेवर निकाल देताना दृकश्राव्य माध्यमांतल्या चित्रणाबद्दल मार्गदर्शक बाबी सांगितल्या. हिणवणारे शब्द टाळा, दिव्यांगत्व म्हणजे केवळ वैयक्तिक शोकांतिका आणि समाजातले अडथळे गायब असं दाखवू नका, वैद्यकीय स्थिती शक्य तेवढी अचूक दाखवा (तिथे मुद्दा रातांधळेपणाचा होता), आणि ‘आमच्याबद्दल आमच्याशिवाय काही नको’ हे दिव्यांगांचं तत्त्व पाळा. दिव्यांगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद वेगळा आणि दिव्यांगांना खाली खेचणारा विनोद वेगळा, असा फरकही न्यायालयाने केला. निकाल चित्रपटाबद्दल असला, तरी वार्ताहरालाही याच चार गोष्टी पुरतात. २०१६ च्या कायद्याचं कलम ९२ याहून कडक आहे. दिव्यांग व्यक्तीला हिणवण्याच्या हेतूने जाणूनबुजून सार्वजनिकरीत्या अपमानित केलं, तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. तुमची निकालाची बातमी त्यात अजिबात बसत नाही, तेवढी काळजी सोडा.

उरलेला मोठा भाग ३ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाच्या, आणि शिबिरांच्या बातम्यांचा. व्हीलचेअर वाटप, हार, पाहुणे, फोटो. इथे दोन गोष्टी मोजायला शिका. पहिली व्हीलचेअर. बैठकीची रुंदी बसणाऱ्याच्या नितंबांच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना जेमतेम इंचभर जास्त हवी. फार रुंद असली तर माणूस एका बाजूला कलतो आणि हात चाकापर्यंत नीट पोचत नाहीत. अरुंद असली तर मांड्या घासून जखमा होतात. मणक्याला इजा झालेल्याला खाली संवेदना नसते, त्यामुळे योग्य गादी नसेल तर दाबाची जखम चिघळेपर्यंत कळतच नाही. शिबिरात सगळ्यांना एकाच मापाच्या खुर्च्या दिल्या असतील तर ‘मापं कुणी घेतली?’ हा एक प्रश्न विचारा. तीन महिन्यांनी परत जा, किती खुर्च्या वापरात आहेत आणि पंक्चर कुठे निघतं ते पाहा.

दुसरी गोष्ट रॅम्प. मान्य उतार एकास बारा. ग्रामपंचायतीचं जोतं दोन फूट उंच असेल, तर रॅम्प चोवीस फूट लांब हवा, दोन्ही बाजूंना कठडा हवा, वर दारासमोर खुर्ची वळवायला सपाट जागा हवी. आठ फुटांत दोन फूट चढवलेले रॅम्प सर्रास दिसतात. त्यावर व्हीलचेअर चढवताना मागे उलटते, उतरताना आवरत नाही. ते रॅम्प दुचाकी चढवायला वापरले जातात. ‘कार्यालय दिव्यांगस्नेही’ असं प्रसिद्धीपत्रक आलं, की मोजपट्टी घेऊन जा आणि लांबी-उंची छापा. सोबत ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) विचारा, की स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी यंदा किती खर्च झाला आणि कशावर. उत्तर मिळालं नाही, तर माहिती अधिकारात अर्ज करा. गावातल्या दिव्यांगांची यादी, निधीची रक्कम, लाभार्थी, एवढंच मागा.

राहिला वेळेचा प्रश्न. संध्याकाळी सहापर्यंत अडीचशे शब्द द्यायचेत, हे सगळं कुठे बसवणार? सगळं बसणार नाही. निकालादिवशी तीन फोन करा: मुलीला, शाळेतल्या विशेष शिक्षकाला आणि त्याच शाळेतून किंवा तालुक्यातून परीक्षेला बसलेल्या दुसऱ्या एखाद्या दिव्यांग विद्यार्थ्याला, ज्याला कमी गुण मिळाले. तिसरा फोन बहुतेक जण करत नाहीत, आणि नेमका त्यातूनच पुस्तकं, लेखनिक, प्रवास यांतलं काय अडलं ते बाहेर येतं. मथळ्यात गुण आणि तिने पुढे काय शिकायचं ठरवलंय ते द्या. अंध असल्याचा उल्लेख दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात, पुस्तकांच्या किंवा लेखनिकाच्या तपशिलाबरोबर येऊ द्या, म्हणजे तो का आला हे वाचकाला कळतं. डेस्कने परत ‘मात’ घातलं, तर भांडू नका, त्याच लांबीचा पर्यायी मथळा लगेच पाठवा. रात्री साडेआठला उपसंपादकाला तत्त्व नको असतं, तयार मथळा हवा असतो. ज्या वाचकाने मेसेज केला त्यांना उत्तर द्या आणि त्यांचा नंबर ठेवा. दिव्यांगांवरच्या बातमीसाठीच नव्हे, त्यांच्या व्यवसायाबद्दल, गावच्या पाणीपुरवठ्याबद्दल, एसटीच्या वेळापत्रकाबद्दल प्रतिक्रिया हवी असेल तेव्हाही फोन करा, आणि तिथे त्यांच्या दिव्यांगत्वाचा उल्लेख करायची गरज नाही. अकरावीचे प्रवेश संपले, की मुलीला पुन्हा एक फोन करा: कॉलेज कोणतं मिळालं, पुस्तकं कोणत्या स्वरूपात मिळणार आहेत आणि कधी.